दोन आणि तीनच्या मध्ये

मी पत्रकं लिहिते. पत्रकात माणूस एक तर लुटणारा असतो, नाही तर लुटला गेलेला. तिसऱ्या रकान्याला जागाच नसते. कागद वीतभर, आणि वाचणारा एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा. आमच्या जावाच्या, म्हणजे त्या नावाच्या संगणकभाषेच्या, सरांना मी दोन्ही रकान्यांत बसवून पाहिलं. ते बसले नाहीत. म्हणून हे पत्रक नव्हे. मधूनच एखादी घोषणा निघाली तर ती सवयीनं निसटली असं समजा.

उंब्रजला सेवारस्त्याच्या कडेला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं, त्याच्या माडीवर सरांचा क्लास. खाली काँप्रेसर सुरू झाला की वर संगणकांचे पडदे थरथरायचे. सर तेव्हा बोलणं थांबवायचे आणि थरथर शांत होईपर्यंत पडद्याकडे बघत राहायचे, तळ्यात दगड पडल्यावर पाणी निवळायची वाट बघावी तसे. घाई नावाची गोष्ट त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. फळ्यावर आकडे पांढऱ्या खडूनं, आणि दशांशचिन्ह तेवढं लाल खडूनं, चांगलं बोराएवढं. त्यामुळे अख्खा बाजार त्यांना पॉइंट मास्तर म्हणायचा. सर रागवायचे नाहीत. खालचा चहावाला त्यांना रोज डिवचायचा.

"मास्तर, पाऊणच कप का? भरलेला कप प्याला तर पाप लागतंय व्हय?"

"भरलेल्या कपाला काय कळत न्हाई रं," सर म्हणायचे. "पाऊण कपाला वर जागा ऱ्हाते. वाफ कुटं बसंल मग?"

आणि खरंच ते वाफेकडे बघत चहा थंड करून टाकायचे.

पूर्ण आकड्यांचा त्यांना कंटाळा होता. मी 'तिरस्कार' लिहिणार होते, पण त्या माणसाला तिरस्कार जमत नव्हता. ते म्हणायचे, मराठी माणसाला दशांश शिकवायची गरजच नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, सगळं आपल्या जिभेवर आधीच आहे. मधल्या जागांना नावं असलेली भाषा आपली, आणि आपली पोरं सगळं तोडून मोकळी होतात. वर्गात येताना ते पावकी म्हणत यायचे, पुटपुटत, जिना चढण्याच्या तालावर. पाव, अर्धा, पाऊण, एक. नवीन पोरांना वाटायचं नमाज पुटपुटतायत. जुनी पोरं हसायची.

एक तास मला अजून दिसतो. बाहेर धुकं उतरलं होतं, हायवेवरचे ट्रक नुसते दिव्यांचे जोड म्हणून सरकत होते. सरांनी फळ्यावर एक दशांश लिहिला आणि म्हणाले, "ह्यो आकडा यंत्राला कवाच सापडत न्हाई. जवळ जातंय. लय जवळ जातंय. पर शिवत न्हाई." कुणीतरी विचारलं, मग ते काय लिहितं? "जे सापडलं ते लिव्हतंय, आन् गप बसतंय." मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. "पूर्णांकात बिंदू खुंट्याला बांधल्यावानी. हितं तो तरंगतोय. नदीतल्या होडीवानी, आकड्यांच्या मधनं कुटंबी सरकतोय. म्हणून त्याच्यावर नजर ठिवायची." त्यानंतर घंटा होईपर्यंत कुणी बोललं नाही. मी उसाच्या पट्ट्यातली, भाषणांवर वाढलेली मुलगी. न बोलता तास गेल्याचा मला संताप यायचा. त्या दिवशी आला नाही.

सर मणेरांच्या घरातले. त्यांची आई बाजाराबाजारात बांगड्या भरायची. तिला सगळे चाची म्हणायचे. तिच्याकडे माप नव्हतं, हात होता. बाईचा पंजा हातात घेऊन अंगठ्याजवळ एकदाच दाबायची आणि म्हणायची, "दोन-चार." किंवा "दोन-सहा." बांगडीचं माप असं बोलतात: दोन इंच आणि वर सोळांशातले चार, म्हणजे सव्वादोन. क्रमवारी म्हणजे काय हे सर आम्हाला तिच्यावरून शिकवायचे. दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या एक दिवस वर्गात घेऊन आले आणि म्हणाले, "समदीच दोन हायत. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. आता फकस्त पुढचा दोन बघून ह्या लावा बरं. लागतील? आन् दोन-चार घ्या, दोन-आठच्या हातात घाला. काच फुटंल, हात कापंल. चूक कुणाची? ज्यानं मागचं बघितलं न्हाई त्याची."

बाकीच्या मुलींनी नंतर त्या बांगड्या वाटून घेतल्या. मी घेतल्या नाहीत. मी तेव्हा बांगड्यांविरुद्ध होते.

मी क्लास सोडला आणि चळवळीत आले. सरांनी एका शब्दानं अडवलं नाही. फक्त विचारलं, "पत्रकं छापाय प्रिंटर लागंल का?" तेव्हापासून आमची सगळी पत्रकं टायरच्या दुकानावरच्या माडीवर निघायची. सर वाचायचे आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवायचे. मी "हजारो लोक" लिहिलं की म्हणायचे, "हजारो म्हंजे किती? तुज्या नजरेपुढं किती हुते?" मी चिडायचे. "सर, लढ्यात असं मोजत बसत नाहीत." ते मान डोलवायचे आणि पाऊण कप चहा मागवायचे.

आता पाटणचा प्रकार सांगते.

पाटणच्या वरच्या डोंगरात नुकत्या जन्मलेल्या बाळांसाठी एक गाडी फिरायची. डॉक्टर, नर्स, औषधं. एका संस्थेची होती. नाव लिहीत नाही, कारण ती गाडी चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. वाडीवाडीला जाऊन आशाताई बाळांची वजनं फोनवर भरायच्या, संस्थेचा संगणक क्रम लावायचा, सगळ्यात हलकं बाळ आधी. दिवस मावळेपर्यंत होतील तेवढी बाळं बघायची, उरलेली पुढच्या फेरीला. योजना चांगली होती. चांगल्या योजनेवर मला दुप्पट संशय येतो.

वरच्या धनगरवाड्यात सगुणा नावाची पोर बाळंत झाली होती. नवरा रस्त्याच्या कामावर लांब. घरात ती, सासू आणि चिमणीएवढी मुलगी. मी गेले तेव्हा मुलगी रडतही नव्हती. सासू म्हणाली, "आवं, दूध वढत न्हाई. तोंडात धरती आन् सोडती." गाडीच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती खालच्या रस्त्याकडेच्या गावातूनच परत फिरली होती. मधला रस्ता पावसानं अर्धा वाहून गेलेला. खासगी जीपवाले वर यायला तयार नव्हते. चढायची ती फक्त संस्थेचीच गाडी. खालच्या गावात मी एक गुबगुबीत बाळ पाहिलं, सरपंचाच्या भावकीतलं. त्याला डॉक्टर दोनदा बघून गेले होते.

आणखी काय हवं होतं? उतरता उतरता मथळा डोक्यात तयार झाला: 'वशिल्याचं वजन'. दुसऱ्या दिवशी सकाळी उंब्रजच्या माडीवर पत्रक घेऊन पोचले. त्यात संस्थेच्या मॅडमवर सरळ आरोप होता.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "क्रम वाचून दाखीव. वजनासकट."

आशाताईच्या फोनवर आलेली यादी माझ्याकडे होती. वाचू लागले. सर डोळे मिटून ऐकत होते. दोन किलो आठशे. दोन सहाशे. दोन नऊशे. दोन शंभर. दोन सातशे...

"थांब. गावं वाच."

वजनं तिथंच सोडून गावं वाचली. रस्त्याकडेचं आधी, मग मधली वाडी, मग वरच्या वाड्या, धनगरवाडा सगळ्यात शेवटी.

"आशाताई वजनं कशी भरत्यात? खालनं वर जात जात?"

"हो. दुसऱ्या कशा चढणार?"

"मंग हितं कुणी क्रम लावलाच न्हाई," सर म्हणाले. "जशी आली तशी ऱ्हायली. आगं, समदी बाळं दोन आन् तीनच्या मदी हायत."

मी म्हटलं, "मुद्दाम ठेवली!"

"मुद्दाम न्हाई." खाली काँप्रेसर सुरू होऊन बंद झाला तरी ते पडद्याकडे बघतच होते. मग त्यांनी फोन लावला. संस्थेला तो प्रोग्राम त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहून दिला होता. आता पुण्याला असतो. त्यानं प्रोग्राम पाठवला. सरांनी उघडला, खाली खाली गेले आणि एका ओळीवर थांबले.

सोपं करून सांगते. जावाला वस्तू ओळीनं लावायच्या तर दोघांत आधी कोण एवढं सांगावं लागतं. सर पहिल्या आठवड्यात शिकवायचे ती युक्ती अशी: एकातून दुसरा वजा करा. उणे आलं तर पहिला आधी, अधिक आलं तर दुसरा आधी, शून्य आलं तर दोघं सारखे, आले तसे राहू द्या. वयं, हजेरी क्रमांक, पूर्ण आकडे असले की साधारणपणे चालून जातं. या मुलानं तीच युक्ती वजनांना लावली. दोन पूर्णांक आठमधून दोन पूर्णांक एक गेले, उरले शून्य पूर्णांक सात. पण जावाला इथे उत्तर पूर्ण आकड्यातच लागतं. जावानं तक्रार केली. त्यानं तक्रार बंद करायला बिंदूच्या मागचं छाटून टाकलं. उरलं शून्य. म्हणजे दोघं सारखे. किलोच्या आतला कुठलाही फरक, शून्य. आणि त्या यादीत सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकं बाळ यांच्यात किलोभराचा फरक नव्हताच.

"दशांशाचा धडा यायच्या आदी त्याला नोकरी लागली," सर म्हणाले. "गेला. मी पूर्णांक आदी शिकवतोय ना. सोपं म्हणून."

"म्हणजे चोर कुणीच नाही?" मी ओरडलेच. "बाळ मरायला टेकलंय आणि चोर कुणीच नाही?"

"न्हाई," सर म्हणाले. "लबाडीची गडबड असती तर बरं झालं असतं. लबाडानं निदान बघितलं तरी असतं."

त्यांनी ओळ बदलली. दशांश नीट पडताळून बघणारी सोय जावात तयारच असते, ती घातली. मग उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल पाटणला." वर्ग भरायची वेळ होती. पोरं जिन्यात उभी होती. सर त्यांच्यातून पावकी न म्हणता उतरले.

संस्थेच्या मॅडम मला वाटल्या होत्या तशा निघाल्या नाहीत; दमलेल्या होत्या, टेबलावर डबा अर्धा खाल्लेला. ओळ समजून घेतली, कपाळाला हात लावला. "अहो, आम्हाला वाटलं दिसतोय तो क्रम बरोबरच असणार. संगणकानं लावलाय ना." सरांनी नवा प्रोग्राम चालवला. पडद्यावर नावं सरसर हलली. दोन शंभर वर आलं. दोन दोनशे त्याखाली. गुबगुबीत बाळ घसरत खाली गेलं. मी वरून नाव शोधत खाली आले. सगुणाची मुलगी गुबगुबीत बाळाच्याही खाली होती. सगळ्यात शेवटी.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

सगुणाच्या मुलीचं वजन झालंच नव्हतं. आशाताईकडचा झोळीचा काटा बिघडला होता, दुसरा वर चढलाच नाही. तिनं आईचं नाव भरलं होतं आणि वजनाची जागा मोकळी सोडली होती.

सर हळू बोलले. "मोकळ्या जागंला ह्यो प्रोग्राम 'संख्या न्हाई' असं लिव्हतोय. आन् जावा 'संख्या न्हाई'ला समद्यांच्या शेवटी बसवतंय. जड बाळाच्याबी मागं. अनंताच्याबी मागं." असं म्हणताना ते खिडकीतून वरच्या डोंगराकडे बघत होते, डोंगर धुक्यात होता, म्हणजे नव्हताच.

आधी ती शेवटी होती चुकून. आता शेवटी होती नियमानं.

मॅडम म्हणाल्या, "वजन भरलं की येईल वर. आशाताईंना सांगते, उद्या परवा काटा..."

"उद्या परवा?" मी म्हटलं. "मॅडम, काटा तुमच्या गाडीतच आहे. आणि गाडी कुठे जाते? जिथलं वजन झालंय तिथे!"

"तुम्ही भाषण करू नका हो."

"ती भाषण करंल, तुमी ऐकू नगा," सर म्हणाले. "माजं ऐका. ज्याचं वजन न्हाई ते पयलं लावतो."

"तसं कसं? मग वजन भरायचं कष्ट कोण घेईल? सगळेच मोकळं सोडतील, आम्हाला आधी या म्हणून."

"सोडू द्या की. मंग गाडी आदी तिकडं जाईल. मोजाय तरी कुणीतरी जाईल. आत्ता कोण जातंय?"

"सर, नियम वरून ठरलेत. हलकं आधी. न मोजलेलं हलकं आहे कशावरून?"

"जड हाय कशावरनं?" सर म्हणाले.

सर खुर्चीत बसून राहिले. त्यांनी हुज्जत घातली नाही, आवाज वाढवला नाही. नुसते बसले, वाफ संपेपर्यंत चहाकडे बघतात तसे. मोर्चे मी पुष्कळ काढलेत. इतकं जड बसलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी मॅडमनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "करा. वरच्यांना मी बघते. आणि आजची फेरी अजून निघालेली नाही."

आम्हीही गाडीत चढलो. धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून रस्त्याची कड शोधत होता. वाहून गेलेल्या जागी आम्ही उतरून चाललो आणि गाडी रिकामी पुढे आली. झाडं यायची, भिजलेली, आणि निघून जायची. कुठून तरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. म्हशी दिसत नव्हत्या. सर एखाद्या स्वप्नातून चालावं तसे चालत होते, आणि चप्पल चिखलात रुतली की तिच्याकडे आश्चर्यानं बघत होते. मला भीती वाटत होती. पत्रक लिहिताना माझी भीती रागाच्या मागे लपते. तिथे राग कुणावर करायचा तेच उरलं नव्हतं, तर ती उघडीच पडली.

सगुणा दारात होती. तिनं गाडी बघितली आणि काही न विचारता आत जाऊन मुलीला घेऊन आली. डॉक्टरनं झोळी अडकवली. काट्याची सुई थरथरली, थांबली. एक किलो आठशे. त्या यादीतलं सगळ्यात हलकं बाळ.

डॉक्टर तरुण होता. त्याचा चेहरा बघूनच सासूनं पदर तोंडाला लावला. "आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं," तो म्हणाला. नर्सनं फोन काढला. "बाळाचं नाव काय लिहू?"

"अजून बारसं न्हाई," सासू म्हणाली. "कुलदेवाला इचारून..."

"नाव असल्याशिवाय हा फॉर्म पुढं जात नाही हो."

सगुणा तोवर मुलीला छातीशी धरून गाडीत चढली होती. आतूनच म्हणाली, "ताई, ल्ह्या मागनं. आदी गाडी हाना."

गाडीत जागा एकदम कमी झाली. सासू चढली, सर आणि मी मागे राहिलो. गाडी गेली. दिसायची लगेच बंद झाली, पण आवाज बराच वेळ येत राहिला. वळणावर बारीक व्हायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा बारीक. सर तो आवाज पुरता संपेपर्यंत हलले नाहीत. मग आम्ही पायवाटेनं उतरू लागलो.

सर आता आष्ट्याला बहिणीकडे असतात. रुंदीकरणात ते दुकान गेलं, माडीही गेली. रुंदीकरणावर माझी वेगळी पत्रकं आहेत. गेल्या थंडीत भेटायला गेले तर ओसरीत बहिणीच्या कोंबड्यांची अंडी वजनानं ओळीत लावून बसले होते. बहीण मला म्हणाली, "बघ गं बाई, अंडी खायाची सोडून रांगंला लावतोय ह्यो." सर म्हणाले, "दोन सारखी निघंनात." आणि खुशीत हसले. पोरांना आता ते दशांशच आधी शिकवतात. पोरं कमी येतात. कठीण जातं म्हणतात.

त्या दिवशी उतरताना मात्र मला चैन नव्हतं. पिशवीत पत्रकाचा कच्चा कागद होता, ओला झालेला. मथळा होता आणि मथळ्याखाली आता कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "सर, मॅडमचं नाव काढते. पण मग कुणाचं टाकू? कुणाचं तरी टाकायला पाहिजे."

"माजं टाक की," सर म्हणाले.

मला वाटलं चेष्टा. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, चेष्टा नव्हती. ते पाय जपून टाकत, खाली बघत चालले होते.

"वजाबाकीची युक्ती मी शिकवली. मागचं छाटू नको, हे सांगायचं ऱ्हायलं. लिव्ह तसं. मी छापून देतो."

मी पत्रक काढलं. त्यांनीच छापून दिलं. त्यात नाव कुणाचंच नाही. माझ्या आयुष्यातलं बिननावाचं ते एकच पत्रक, आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी मला बोल लावला. त्यात एकच मागणी आहे: प्रत्येक वाडीला, रस्ता असो नसो, एक चालू वजनकाटा.

मुलगी जगली. सगुणा तिला घेऊन खाली बाजाराला येते; मला बघितलं की मुलगी भोकाड पसरते.

काटा अजून मिळालेला नाही.